रांगेलच्या हसण्याची झडती

१८ सप्टेंबर

रांगेलला आज सोफियाच्या इस्पितळातून घरी आणलं. डाव्या कानामागचे केस भादरलेत आणि तिथे कातडीखाली कोटाच्या बटणाएवढी चकती बसवली आहे. तिच्यातून बारीक तारा आत मेंदूत गेल्यात. मन कुठे चाललंय हे ती चकती टिपणार, कृत्रिम बुद्धिमत्ता त्यातून रांगेलचा स्वभाव शिकणार आणि मन खचायला लागलं की हलकासा विजेचा प्रवाह सोडून त्याला वर उचलणार. डॉक्टर बोझिनोवांनी हे मला पुन्हा पुन्हा समजावलं. मला कळलं सगळं, विश्वास मात्र बसला नाही.

सोबत कॅमेरावाला एक टॅब दिलाय. तो स्वयंपाकघरात रेडिओशेजारी उभा केला. त्यातून पुरुषी आवाज येतो, बातम्या देणाऱ्यासारखा स्वच्छ. रांगेलने त्याचं नाव ‘पाहुणा’ ठेवलं. तीन वर्षांच्या या उदासीत त्याने कशाला नाव दिलेलं हे पहिलंच.

मी ही वही का उघडली ते लिहून ठेवते. डॅन्यूब नदीवरच्या पुलावर, जकात नाक्यावर, माझी सगळी नोकरी गेली. ट्रकवाला जरा जास्तच गोड हसला की मी ताडपत्री सोडायला लावायची. आता घरात नवा माल आलाय, तर तो नोंदल्याशिवाय आत घ्यायचा नाही. शिवाय गेल्या फेब्रुवारीत याच माणसाला मी नदीच्या धक्क्यावरून हाताला धरून घरी आणलंय. बूट काढून शेजारी नीट लावून ठेवले होते त्याने, आणि पाण्याकडे पाहत बसला होता. पुन्हा तशी वेळ येणार असेल तर ती मला आधी कळायला हवी. दुसरं मला काही नको.

२४ सप्टेंबर

पाहुणा अजून नुसता ऐकतोय. पहिल्या तारखेपर्यंत तो फक्त शिकणार, प्रवाह सोडणार नाही. रांगेल तसाच, भिंतीकडे तोंड करून बसलेला. जहाजांना नदीतल्या वाळूच्या पट्ट्यांमधून वाट दाखवणारा वाटाड्या होता हा. समोरचं पाणी पाहून तळ सांगायचा. आता चहा समोर ठेवला तरी दिसत नाही त्याला.

मी रोज त्याचे खिसे पाहते. सवयच लागलीय.

१ ऑक्टोबर

आज संध्याकाळी पाहुण्याने पहिल्यांदा प्रश्न विचारले. ‘रांगेल, आज तुम्हाला बरं वाटतंय का?’ आणि मग, ‘आजचा प्रवाह सोडू का?’ आता हे रोज विचारणार. माणसाने होकार दिला तरच त्या दिवसाचा डोस, असा नियम आहे. तोंडाने सांगा किंवा मान हलवून सांगा, दोन्ही चालतं.

रांगेल यंत्राशी बोलत नाही. ‘रेडिओला कोणी उत्तर देतं का?’ म्हणाला. दोन्ही प्रश्नांना त्याने मान डावी-उजवी हलवली, हो म्हणून. बरं वाटतंय म्हणे! मी विचारलं, ‘अरे, खोटं कशाला सांगतोस?’ तर म्हणाला, ‘पाहुणा आहे तो. घरात येऊन बरं आहे का विचारतोय, त्याला काय रडगाणं ऐकवायचं?’

‘समजलं, आभारी आहे,’ पाहुणा म्हणाला.

मी टेबलापलीकडे, टॅबच्या पाठीमागे, रांगेलच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. दूध कधी उतू जातंय ते पाहत बसावं तशी. काही झालं नाही. त्याने जांभई दिली.

६ ऑक्टोबर

वर्षभराच्या चटणीसाठी लाल जाड मिरच्यांचं पोतं आणलं. वरच्या मजल्यावरची त्स्वेता आपला मिरच्या भाजायचा डबा घेऊन आमच्या गॅलरीत आली, कारण तिच्या गॅलरीत तिचा नवरा विड्या ओढत बसतो आणि चटणीला वास लागतो. आम्ही भाजत होतो, तर रांगेल उठून आला आणि सालं काढायला बसला. कोणी बोलावलं नव्हतं.

जरा वेळाने माझ्याकडे पाहून म्हणाला, ‘नेव्याना, नाकाला काजळी लागलीय.’ आणि अंगठ्याने पुसली.

मी दचकले. तीन वर्षांत या माणसाने मला नाक आहे की नाही हेसुद्धा पाहिलं नव्हतं. त्स्वेता डोळे पुसायला लागली, धुराचं निमित्त करून. मी मात्र उठून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता. मनात एकच आलं, तो अंगठा कोणी हलवला?

९ ऑक्टोबर

त्स्वेताने जिना उतरताना गाठलं.

‘अगं, काय म्हणतोय तुझा विजेचा नवरा?’

‘हसतो.’

‘मग रडतेस काय? माझ्याला वीज लावली तरी हसायचा नाही. फ्यूज उडेल बिल्डिंगचा.’

‘त्स्वेता, ते हसू त्याचं नाहीये.’

‘मग कोणाचं आहे? परत मागायला येणार आहे का कोणी?’ ती म्हणाली. ‘तुझा ना, स्वभावच मेला असा. देवाने दारात येऊन काही दिलं तरी पावती मागशील.’

मागेनच. बिनपावतीचा माल शेवटी जप्त होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

१४ ऑक्टोबर

परीक्षा घेतली. सूप मुद्दाम खारट केलं. यंत्राने मन वर धरून ठेवलेला माणूस काहीही गोड मानून खाईल, असा माझा हिशेब. रांगेलने दोन चमचे खाल्ले, मग विचारलं, ‘समुद्रातून आणलंस का पाणी?’ आणि सगळं संपवलं.

यातून काय घ्यायचं? तक्रार केली म्हणजे तो स्वतः बोलला. संपवलं म्हणजे यंत्र बोललं. की उलट?

जेवण झाल्यावर त्याने माझा हात धरला. मी सरळ विचारलं, ‘हे तू करतोयस की तो?’

‘तो कोण?’

मी कानामागे बोट दाखवलं. त्याने हात सोडला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

१५ ऑक्टोबर

काल लिहिलेलं वाचलं. मी वाईट बायको आहे असं कोणालाही वाटेल. पण नवऱ्याच्या जागी त्याच्यासारखं हुबेहूब बोलणारं काही तरी आणून बसवलं, तर कोणती बाई गप्प बसेल? मला माझा रांगेल हवा आहे, आजारी असला तरी. हे लिहिलं आणि लगेच धक्क्यावरचे ते बूट आठवले. नको, आजारी नको.

२० ऑक्टोबर

आज तो दाढी करताना शीळ घालत होता. जुनंच काहीतरी. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं आणि तो बाहेर आला तेव्हा टॉवेल घड्या घालत असल्यासारखं केलं.

२६ ऑक्टोबर

डॉक्टर बोझिनोवांचा फोन.

‘नेव्यानाबाई, रांगेल जवळ आहेत का?’

‘खाली गेलाय, पाव आणायला.’

‘बरं झालं. हे तुम्हाला सांगायलाच हवं. महिन्याच्या नोंदी आज पाहिल्या. ते रोज संध्याकाळी यंत्राला सांगतायत की त्यांना बरं वाटत नाही. रोज. आणि प्रवाह घ्यायला नकार देतायत. घरी कसे आहेत?’

‘घरी?’ मी म्हणाले. ‘घरी शीळ घालतायत.’

त्या हळूच म्हणाल्या, ‘कधी कधी माणूस घरच्यांसमोर बरा असल्याचं दाखवतो. ठरवून. तेव्हा फार जपावं लागतं. तुम्ही त्यांना एकटं सोडू नका. मी शनिवारपर्यंत इथे खाट मिळते का पाहते.’

मी फोन ठेवला. म्हणजे मी चुकीच्याच गाडीची झडती घेत होते. मला वाटलं यंत्र खोटं हसवतंय. खोटं तर हाच हसत होता. मला शीळ ऐकवायची आणि खरं काय ते त्या टॅबच्या काचेला सांगायचं. ट्रकवाले असंच करतात. वर कलिंगडं छान रचलेली, खाली भलतंच.

पाव घेऊन आला. सोबत माझ्यासाठी तिळाची कडी, तीळ लावलेला गोल पाव, आणली होती, अजून गरम. मी हसून घेतली. मीही दाखवू शकते.

२९ ऑक्टोबर

सुऱ्या त्स्वेताकडे ठेवल्यात. गोळ्या पिठाच्या डब्यात. गॅलरीच्या दाराची मूठ काढून घेतली आणि बिघडली म्हणून सांगितलं. तो मूठ बसवायला स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागला, तर मी तोही लपवला. पाव हाताने तोडून खातो आम्ही. तो काही विचारत नाही, आणि हेच मला सगळ्यात वाईट वाटतं.

दुपारी फिरायला निघाला, धक्क्याकडे. मी मागून गेले. चेस्टनटच्या झाडांआड थांबत थांबत. तो गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांशी बोलला, एकाची बादली पाहिली, मग कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. मी त्याच्या बुटांकडे पाहत होते. फक्त बुटांकडे. पायात आहेत, पायात आहेत, असं मनात घोकत.

परत फिरताना तो माझ्या झाडाजवळून गेला आणि न थांबता म्हणाला, ‘चल, थंडी आहे.’

संध्याकाळी पाहुण्याने विचारलं. रांगेलने मान हलवली. मला त्याच्याकडे बघवेना, मी भांडी घासायला वळले.

१ नोव्हेंबर

सोफियात खाट मिळाली नाही. नऊ तारखेला या म्हणाल्या. परवा आणलेला कोबी हिवाळ्यासाठी मिठाच्या पाण्यात घालून पिंप भरलं दोघांनी मिळून. मीठ चोळताना तो गात होता. प्रत्येक ओळ मला निरोपासारखी वाटत होती.

३ नोव्हेंबर

हे आजच नोंदायला हवं.

आज संध्याकाळी माझी नेहमीची खुर्ची ओली होती, त्यावर कोबीचं पाणी सांडलेलं. म्हणून मी रांगेलच्या मागे, ओट्याला टेकून उभी राहिले. प्रश्न सुरू असताना पहिल्यांदाच पाहुण्याचं तोंड, म्हणजे ती काच, माझ्याकडे होतं.

‘रांगेल, आज तुम्हाला बरं वाटतंय का?’

रांगेलने मान डावी-उजवी हलवली. मी ती मानेची मागची बाजू पाहिली, सावकाश, समाधानाने हललेली. हो. आणि त्याच क्षणी काचेच्या कोपऱ्यात, रांगेलला चष्म्याशिवाय न दिसणारा, बारीक शब्द उमटला, ‘नाही’.

‘आजचा प्रवाह सोडू का?’

पुन्हा तशीच हलली. हो. काचेवर, ‘रुग्णाचा नकार’.

‘समजलं, आभारी आहे.’

मी ओट्याची कड घट्ट धरली. मूर्ख! मूर्ख काच! जगात इतर ठिकाणी मान डावी-उजवी हलवली की नाही म्हणतात, आमच्या देशात तेच हो. पुलावर परदेशी ड्रायव्हरांशी माझं निम्मं आयुष्य याच घोळात गेलं. ‘काही जाहीर करायचंय का?’ विचारलं की ते मान हलवायचे, आणि आमची नवीन पोरं हो समजून अख्खा ट्रक रिकामा करायची. मी शिकवायची त्या पोरांना, आधी नंबरपाटी बघा, गाडी कुठल्या देशाची आहे! आणि माझ्या स्वयंपाकघरात हा परदेशी इतके दिवस बसलाय, आणि मला सुचलं नाही.

रांगेल वळून म्हणाला, ‘काय गं, भूत पाहिलंस?’

मी म्हणाले, ‘पाठ धरली.’ त्याने पाठ चोळून दिली.

४ नोव्हेंबर

त्स्वेताच्या घरून डॉक्टरांना फोन केला. मला वाटलं त्या रडतायत, पण हसत होत्या, आणि मग खरंच रडल्या.

‘इथे असताना नर्स तोंडी उत्तर घ्यायची,’ त्या म्हणाल्या. ‘यंत्र बनवणाऱ्या कंपनीने त्याला अख्ख्या जगाच्या माना दाखवल्या असतील. आपली एक दाखवली नाही. आणि मी इथली असून… नोंदीत नकार दिसला, मी नकारच वाचला.’

‘म्हणजे रोज तो बरं आहे असंच सांगत होता?’

‘रोज.’

मग मी ते विचारलं जे मला रात्रभर खात होतं. ‘आणि प्रवाह? किती गेला आजपर्यंत?’

‘नेव्यानाबाई, थेंबभरसुद्धा नाही. एकदाही सुरू झालेलं नाही यंत्र.’

मी फोन धरून उभी. त्स्वेता खुणेने विचारतेय काय झालं, काय झालं. मिरच्या सोलणारा, नाक पुसणारा, शीळ घालणारा, तिळाची कडी आणणारा, सगळा रांगेलच होता. आणि मी त्याला हात सोडायला लावला होता.

डॉक्टर म्हणाल्या, ‘हे रांगेलना सांगावंच लागेल. पुढे यंत्र चालू करायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, तेही तोंडाने. नऊ तारखेला मी सांगेन, किंवा तुम्ही आधी सांगा. पण सांभाळून. यंत्रावरच्या भरवशानेच ते उभे राहिले असतील, तर भरवसा काढून घेतल्यावर काय होईल ते मी सांगू शकत नाही.’

६ नोव्हेंबर

सांगितलं नाही. दोन दिवस नुसती त्याच्याकडे पाहतेय. तो हसतो, शीळ घालतो. हे सगळं त्याचं आहे आणि माझ्या एका वाक्याने ते पडू शकतं. पण माझ्याऐवजी डॉक्टरांच्या तोंडून कळलं तर? मी इतके दिवस त्याच्यापासून लपवलं असं होईल. या घरात लपवाछपवी करणारी आता मीच आहे.

७ नोव्हेंबर

सकाळी सांगितलं. तो कॉफी पीत होता. काचेवरचे शब्द, मानेचा घोळ, डॉक्टरांचा फोन, सुऱ्या, गोळ्या, सगळं. काही ठेवलं नाही मागे.

त्याने कानामागे बोटाने चाचपलं. मग म्हणाला, ‘म्हणजे माझं डोकं उगाच फोडलं?’

‘रांगेल, मग तू बरा कसा झालास?’

‘बरा झालो हे कोणी सांगितलं?’ तो म्हणाला. ‘काही दिवस बरे जातात. काही जात नाहीत. ते मी तुला दाखवत नाही, एवढंच.’

‘पण पूर्वी बरे दिवसही नव्हते.’

त्याने कप खाली ठेवला. ‘सांगू? रागावशील.’

‘सांग.’

‘तीन वर्षं तू माझी झडती घेत होतीस, नेव्याना. खिसे, ताट, झोप, श्वाससुद्धा. मी हललो की तुझी मान वळायची. मला वाटायचं, मी मेलेलोच आहे आणि ही प्रेताला पहारा देतेय. मग हा पाहुणा आला आणि तू त्याच्यावर संशय घ्यायला लागलीस. दिवसभर त्याच्याकडेच डोळे. मला पहिल्यांदा कोणी बघत नव्हतं. मी उठून मिरच्या सोलायला आलो, कारण तिथे येताना तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.’

रागावले नाही. राग यायला काही जागाच उरली नव्हती. मी म्हणाले, ‘मला भीती वाटायची.’

‘माहीत आहे गं. मलाही वाटते.’

मग तो उठला, कोट घातला. ‘धक्क्यावर जाऊन येतो. मागे येऊ नकोस.’

मी उठले नाही. खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले. लिफ्ट खाली गेल्याचं ऐकलं. खिडकीतून अख्खा रस्ता दिसतो, थेट नदीपर्यंत, पण मी तिकडे पाठ करून बसले आणि हे लिहितेय. देवा, किती वेळ झाला ते मी पाहणार नाही.

८ नोव्हेंबर

काल तो परत आला. आज त्याचा नामदिन, त्याच्या नावाच्या देवदूताचा सण. न बोलावता निम्मी बिल्डिंग आली, रिवाजच आहे तसा. त्स्वेता सुऱ्या घेऊनच आली, हातरुमालात बांधून, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, ‘घे बाई, आता कोकरू तरी कापायला लागतील.’ रांगेल इतका हसला की हातातली राकिया, फळांची दारू, नाकात गेली. मी हसले आणि हसताना त्याच्याकडे पाहिलं नाही. अवघड आहे. मान आपोआप वळते.

१० नोव्हेंबर

काल सोफियाला तो एकटा गेला. स्टेशनपर्यंतही येऊ नकोस म्हणाला. मी नाही गेले. यंत्र चालू करायचं की काढून टाकायचं, की तसंच निजलेलं ठेवायचं, हे डॉक्टर त्याला विचारणार होत्या आणि तो तोंडाने सांगणार होता.

आज दुपारी परत आला. डोक्यावर लोकरीची टोपी, कानांवरून खाली ओढलेली. चेहरा प्रवासाने शिणलेला, पण निवांत. आत येताच विचारलं, ‘कोबीचं पाणी हलवलंस का?’ मी म्हणाले, नाही, पिंप जड आहे. मग दोघांनी मिळून हलवलं. तो खालून नळीने पाणी काढत होता, मी वरून ओतत होते. मध्येच त्याने माझ्याकडे पाहून डोळा मारला, उगाचच, तिशीत मारायचा तसा.

आता तो डोळा कोणी मारला, त्याने की त्या चकतीने, मला ठाऊक नाही. त्याने तिथे काय उत्तर दिलं, तेही ठाऊक नाही. जिभेवर प्रश्न होता. रांगेलही थांबला होता, मी विचारण्याची वाट पाहत.

मी म्हणाले, ‘नळी नीट धर, सांडतंय.’